कुलूप कशासाठी उघडायचं?

एप्रिल २००० मध्ये जपानच्या व्यापार मंत्रालयाने एका खेळण्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. ते खेळणं म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन-२. ४ मार्चला तो जपानच्या दुकानांत आला होता. पडद्यावर चित्रं उमटवण्यासाठी त्याला जी आकडेमोड करावी लागते, तिचा वेग इतका होता की क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शनासाठी कुणी तो वापरेल, अशी धास्ती सरकारला वाटली. म्हणून मोठ्या संख्येने तो देशाबाहेर न्यायचा तर परवाना घ्या, असा नियम झाला.

पुढे हेच यंत्र जगभरातल्या १५ कोटींहून अधिक घरांत पोचलं. आपल्याकडे ‘पीएस टू’ म्हणून त्याला सगळे ओळखतात. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी घरांत तो आजही माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर वायरी गुंडाळून ठेवलेला सापडेल. त्याच्या मालकांपैकी बहुतेकांना हे मात्र कधी कुणी सांगितलं नाही की आपल्या घरात एक संगणक आहे. त्यावर लिनक्स चालतं, आपण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालतो, चार-दोन डझन एकत्र जोडले तर विज्ञानाची गणितं सुटतात.

गेमच्या यंत्राला कंपनीने घातलेलं कुलूप आपण भारतात फार पूर्वीच उघडलं होतं. गल्लोगल्ली उघडलं होतं. पण ते उघडून आपण फक्त नकली सीडी आत सरकवली. संगणक तसाच आत राहिला. हा लेख त्या आत राहिलेल्या संगणकाविषयी आहे.

चिप मारलेला पीएस टू

नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना ‘कॅसेट’ म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक गाण्यांची, दुसरी व्हिडिओ गेमची. जपानच्या निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. त्याच्या नकला सामुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्या बाजारात आल्या. पिवळट प्लास्टिकची कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असा छापील दावा आणि आत फिरून फिरून तेच दहा-बारा गेम. काही यंत्रांना तर कळफलकही जोडलेला असायचा आणि सोबत बेसिक भाषेची कॅसेट मिळायची. म्हणजे मुलाला प्रोग्रॅम लिहिता येईल असं साधन अगदी स्वस्तात घरात आलं होतं. ते शिकवणारं कुणी नव्हतं, इतकंच.

हे धन वाया जातंय हे ओळखलं ते डेरेक लोमस या अमेरिकी तरुणाने. टीव्हीला जोडायचे हे स्वस्त संगणक भारतात विकले जाताना त्याने पाहिले आणि २००८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर प्लेपॉवर हा उपक्रम सुरू केला. फॅमिकॉमच्या चिपवरचे पेटंट हक्क तोवर संपले होते. मग त्या यंत्रांसाठी शैक्षणिक गेम लिहायचे, ते खुले ठेवायचे आणि कारखानदारांनी ते कॅसेटमध्ये भरावेत, अशी ही योजना. २००९ मध्ये तिला मॅकआर्थर फाउंडेशनच्या स्पर्धेतून अनुदानही मिळालं. लोमसचा युक्तिवाद सरळ होता : ज्या मुलाला टंकलेखन येतं त्याला बरी नोकरी मिळते, आणि टंकलेखन शिकायला महागडा संगणक लागत नाही.

पीएस टू आला तेव्हा मात्र बाजाराने वेगळं वळण घेतलं. अस्सल गेमची सीडी सामान्य घराला परवडणारी नव्हती. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, किंवा उपनगरातल्या मोबाइलच्या गाळ्यांत नवा पीएस टू घेतला की दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा : “चिप मारून देऊ?” यंत्र उघडून, आतल्या पाटीवर बारीक तारांनी एक छोटी चिप डाखायची, की यंत्राची अस्सल सीडी ओळखण्याची परीक्षा बायपास व्हायची. मग पन्नास-शंभर रुपयांची कुठलीही सीडी चालायची. केसाएवढ्या तारा मोजक्या बिंदूंवर न हलता डाखणं हे नाजूक काम आहे, आणि ते करणारे कारागीर कुठल्याही प्रयोगशाळेत शोभले असते. हात तयार होते. त्या हातांना दुसरं काही करायला सांगणारं कुणी नव्हतं.

आतली पहारेदारी

गेमच्या यंत्राची गोम अशी असते की ते कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधी त्यावरची कंपनीची सही तपासतं. ही सही म्हणजे कागदावरची नव्हे, एका गुप्त संख्येच्या आधारे काढलेलं गणित. सही जुळली तर प्रोग्रॅम चालतो, नाही तर यंत्र ढिम्म हलत नाही. कंपन्या यंत्र बऱ्याचदा तोट्यात विकतात आणि गेमच्या विक्रीतून पैसे वसूल करतात, म्हणून ही पहारेदारी त्यांना प्राणप्रिय असते.

घरी बसून, कंपनीच्या परवानगीशिवाय लिहिलेल्या प्रोग्रॅमला जगभर होमब्रू म्हणतात. लिनक्स चालवणं ही त्याच्या पुढची पायरी. होमब्रू प्रोग्रॅमला पडद्यावर चार अक्षरं उमटवता आली तरी भागतं. लिनक्सला मात्र यंत्राचा प्रत्येक अवयव ओळखावा लागतो : मेमरी किती, हार्ड डिस्क कुठे, रिमोटचं बटण दाबल्याचा निरोप कुठल्या वाटेने येतो. कंपनी ही माहिती देत नाही. ती एकेक करून शोधून काढावी लागते. २०१५ च्या डिसेंबरात फेलओव्हरफ्लो या गटाने प्लेस्टेशन-४ वर लिनक्स चालवून दाखवलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच सांगितलं होतं. आतला प्रोसेसर आपल्या लॅपटॉपसारखाच असला तरी बाकीची रचना इतकी वेगळी, की लिनक्सला ती नव्याने शिकवावी लागली.

एके काळी कंपनीनेच हा दरवाजा उघडा ठेवला होता, हे आज अनेकांना खरं वाटणार नाही. २००२ मध्ये सोनीने पीएस टूसाठी लिनक्सचा संच विकला. त्यात ४० जीबीची हार्ड डिस्क, कळफलक, माउस, नेटवर्कची जोडणी आणि लिनक्सच्या डिस्क होत्या. या यंत्राची मेमरी ३२ एमबी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणन केंद्राने असे सुमारे ७० पीएस टू एकमेकांना जोडून त्यांचा एक समूह-संगणक उभा केला. ज्याच्या निर्यातीची जपानला भीती वाटली, ते यंत्र आता विद्यापीठात उघडपणे गणितं सोडवत होतं.

मायक्रोसॉफ्टने असा दरवाजा ठेवला नाही, म्हणून लोकांनी तो शोधला. एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंगने २००२ मध्ये एक्सबॉक्सच्या पाटीवरून दोन चिपांमध्ये धावणारे संदेश टिपून त्यातली गुप्त किल्ली वाचली. त्या एक्सबॉक्सवर हौशी लोकांनी चित्रपट आणि गाणी लावण्यासाठी एक्सबीएमसी नावाचा प्रोग्रॅम लिहिला. २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं, आणि आज जगभरच्या टीव्ही बॉक्सवर तो चालतो. कुलूप उघडून आत शिरलेल्यांनी तिथे नवं काही बांधलं की त्याचा उपयोग साऱ्यांना होतो, याचं हे ठळक उदाहरण.

पुण्याचा परम आणि आठ प्लेस्टेशन

२००७ हे वर्ष महाराष्ट्रासाठी या कथेत महत्त्वाचं आहे. त्या एप्रिलमध्ये प्लेस्टेशन-३ भारतात आला, किंमत सुमारे ४० हजार रुपये. त्याच्या मेनूतच ‘इतर प्रणाली बसवा’ अशी सोय होती. येलो डॉग लिनक्स घालायचं, की यंत्र संगणक होत असे. त्याच वर्षी रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती एक्सओ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला तो आरंभीचा प्रयोग. त्यावरही लिनक्सच होतं, आणि त्याच्या कळफलकावर चालू प्रोग्रॅमचा मूळ कोड उघडून दाखवणारी एक स्वतंत्र कळ होती. दोन्ही यंत्रं सांगत होती की आत डोकावायला हरकत नाही.

प्लेस्टेशन-३ मधला सेल प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवला होता. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली आकडेमोडीसाठीच बनवलेले छोटे गाभे, त्यातले सहा लिनक्सच्या वाट्याला येत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत तेव्हा काम करणारे भारतीय वंशाचे पदार्थवैज्ञानिक गौरव खन्ना यांना कृष्णविवरांची गणितं करायची होती. महासंगणकावर वेळ विकत घेणं परवडेना. २००७ मध्ये त्यांनी आठ प्लेस्टेशन-३ एकमेकांना जोडून काम सुरू केलं. मोठ्या कृष्णविवराभोवती लहान वस्तू फिरत फिरत आत पडते तेव्हा गुरुत्वीय लहर कशी निघेल, हा त्यांचा विषय.

पुण्याच्या वाचकाला यात ओळखीची खूण दिसेल. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं. अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्याची युक्तीही हीच होती. एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नसेल तर बाजारात मिळणाऱ्या अनेक छोट्या प्रोसेसरांना काम वाटून द्यायचं. पुण्याशी आणखी एक धागा जुळतो. गुरुत्वीय लहर गोंगाटातून वेचायची तर ती कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने काढून ठेवावे लागतात आणि मिळालेल्या नोंदी त्यांच्याशी ताडून पाहाव्या लागतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर अग्रणी आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. नमुने काढण्याची जी शाखा आहे, तिच्यातलं काही काम खेळण्याच्या यंत्रांनी केलं आहे, हे आपल्या विज्ञानशिक्षकांनी वर्गात जरूर सांगावं.

अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर सतराशेहून अधिक प्लेस्टेशन-३ जोडून २०१० मध्ये कॉन्डोर नावाचा समूह उभा केला. पण त्याच वर्षी १ एप्रिलला सोनीने नवी प्रणाली आणली आणि ‘इतर प्रणाली’ची सोय काढून टाकली. कारण दिलं सुरक्षिततेचं. ज्याने नवी प्रणाली घेतली, त्याचं लिनक्स गेलं. ज्याने घेतली नाही, त्याला ऑनलाइन खेळता येईना आणि नवे गेम लागेनात. दुरुस्तीला पाठवलेलं यंत्र नव्या प्रणालीसह परत आलं की समूहाच्या कामातून बाद. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतली एक सोय, विकल्यानंतर, घरात शिरून काढून घेतली गेली. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये सोनीने ३७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड केली. सोय मात्र परत आली नाही.

ती काढल्यावर जे घडलं, ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला समजेल असं आहे. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत फेलओव्हरफ्लोने दाखवून दिलं की सोनीने सह्या करताना एक नियम मोडला आहे. प्रत्येक सहीसाठी एक नवी, कुणालाही अंदाज न येणारी संख्या घ्यायची असते. सोनी दर वेळी तीच संख्या घेत होती. त्यामुळे दोन सह्या समोर ठेवल्या की दोन समीकरणं मिळतात, आणि त्यांत अज्ञात राशी दोनच उरतात : ती ठरावीक संख्या आणि कंपनीची गुप्त किल्ली. दोन चलांतील रेषीय समीकरणं हा आपल्या बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकातला पहिलाच धडा. मूळ गणित काहीशा वेगळ्या अंकगणितात मांडलेलं असलं तरी सोडवण्याची रीत तीच. अब्जावधींच्या व्यवसायाची किल्ली अशी हाती आली.

चेण्यातला टीव्ही

घोडबंदर रस्त्याने काशिमिऱ्याकडून ठाण्याकडे निघालं की एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, यांच्या मधे चेणे लागतं. मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही इथे अजून गावपण आहे. पावसाळ्यात नदीवर मुंबईकरांची झुंबड उडते, एरवी रस्त्यावरून अवजड ट्रक धडधडत जातात. गावातल्या एका घरी अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने आपला जुना पीएस टू मला चालवून दाखवला. चुलतभावाकडून आलेला, मागच्या पिढीतला बारका मॉडेल.

“काका, याला चिप नाहीये,” त्याने आधीच सांगितलं. “आणि लागतही नाही.”

पिवळी, लाल आणि पांढरी पिन जुन्या टीव्हीत खोचली गेली. त्याने घरच्या लॅपटॉपवर लिहिलेली एक डीव्हीडी आत ठेवली. ही युक्ती सीटर्ट या टोपणनावाच्या संशोधकाने जून २०२० मध्ये जगापुढे ठेवली, तिचं नाव फ्रीडीव्हीडीबूट. पीएस टूला सिनेमाची डीव्हीडी लावता येते, आणि सिनेमाच्या डीव्हीडीला कंपनीची सही लागत नाही. या डीव्हीडीवरच्या माहितीच्या फायलीत एका ठिकाणी ठरलेल्यापेक्षा लांब मजकूर भरलेला असतो. डीव्हीडी चालवणारा आतला प्रोग्रॅम तो मुकाट्याने वाचतो, मजकूर आपल्या जागेबाहेर सांडतो आणि तिथे लिहिलेले हुकूम यंत्र पाळू लागतं. यंत्र उघडायला नको, डाखायला नको.

पडदा क्षणभर काळा झाला आणि फायलींची यादी आली. त्याने रिमोटने पेन ड्राइव्ह निवडला, त्यातली स्वतः लिहिलेली फाइल निवडली आणि गोल बटण दाबलं. निळ्या पडद्यावर ठळक देवनागरीत गावाचं नाव आलं आणि त्याखाली ‘पाढे’.

हा गेम त्याने चौथीतल्या बहिणीसाठी लिहिला होता. एक प्रश्न, चार उत्तरं, चार बटणं. त्रिकोण, गोल, फुली, चौकोन. बहीण जमिनीवर मांडी घालून बसली.

“दादा, सतरा नव्वे?”

“मला नको विचारू. तूच सांग त्याला.”

तिने ओठातल्या ओठात पाढा म्हटला आणि चौकोन दाबला. एकशे त्रेपन्न. पडद्यावर गुण वाढले. मागे भाजी निवडत बसलेल्या आजींनी मान वर न करता विचारलं, “दिडकी नाय का रं घातलीस यात?” तो म्हणाला, “घालतो आजी, पुढच्या खेपेला.”

त्याने मला कोड दाखवला तेव्हा खरं काम कशात गेलं ते कळलं. पीएस टूसाठी हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून खुली साधनं तयार केली आहेत, त्यांच्या आधारे सी भाषेत प्रोग्रॅम लिहिता येतो. पण त्यातला साधा अक्षरसंच रोमन आहे. देवनागरी आणायची तर सगळं स्वतः रचावं लागतं. चित्रांसाठीची मेमरी अवघी ४ एमबी, पडद्यावरचं चित्रही त्यातच मावायला हवं. म्हणून त्याने लोहित हा खुला देवनागरी फॉन्ट घेतला आणि अक्षरांची बारीक चित्रं करून एका चौकोनात दाटीवाटीने बसवली. मग मात्रा अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाशी आणि पहिली वेलांटी, जी उच्चारात नंतर येते पण लिहिताना डावीकडे उभी राहते, ती उचलून आधी ठेवायची. जोडाक्षरांसाठी वेगळी यादी. ‘त्रेपन्न’ नीट उमटेपर्यंत त्याने बरीच डोकेफोड केली होती.

“कॉलेजात आम्हाला मेमरी शिकवतात,” तो म्हणाला, “पण लॅपटॉपमध्ये ती इतकी असते की कधी संपतच नाही. इथे संपते. तेव्हा समजतं.”

पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची शैक्षणिक किंमत नेमकी इथे आहे. ते मर्यादित आहे, तळापर्यंत दिसतं आणि एका माणसाच्या डोक्यात मावतं.

कायदा काय म्हणतो

हे सारं कायद्यात बसतं का, असा प्रश्न पालकांना पडेल. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात कुलूप मोडणं हाच मुळात अपराध ठरतो आणि सुटीसाठी वेगळी परवानगी मागावी लागते. आपला कायदा अधिक शहाणा आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. त्यानुसार हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतूने, हा शब्द इथे कळीचा आहे. स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा म्हणून आवश्यक ती माहिती शोधायची मुभाही कलम ५२ मध्ये प्रोग्रॅम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला आहे. नकली गेम चालवण्यासाठी चिप मारणं आणि बहिणीसाठी पाढे चालवणं, यात आपला कायदा फरक करतो. आपणही तो करायला हवा.

नकली सीडीची वकिली मी करत नाही. मुंबईच्या ट्राइन गेम्ससारख्या कंपनीने २०१० मध्ये पीएस टूसाठी गल्ली क्रिकेटचा गेम काढला होता. आपल्याच माणसांच्या अशा कष्टांवर नकलांनी पाणी पडतं. पण विकत घेतलेल्या यंत्रावर स्वतःचा प्रोग्रॅम चालवणं ही चोरी नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्काशेजारी तिच्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर चालवण्याचा हक्क बसवायला हवा. निदान कंपनीने गेम आणि अपडेट देणं थांबवलं की कुलूपही काढावं, एवढा नियम तरी झाला पाहिजे. तसं झालं तर लाखो यंत्रं ई-कचऱ्यात जाण्याऐवजी शाळांत जातील.

आणि खुलं ठेवून धंदा बुडत नाही हेही आता सिद्ध झालं आहे. २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक हे हातात धरायचं गेमयंत्र काढलं. त्यावर लिनक्सच आहे आणि मालकाला हवी ती प्रणाली त्यावर घालता येते.

पण नियमाची वाट पाहत बसायची गरज नाही. आपल्या आयटीआयमध्ये आणि तंत्रनिकेतनांत डाखकाम शिकवलं जातं, अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषा शिकवली जाते. दोन्ही एकत्र येतात असं टेबल मात्र फार कमी ठिकाणी आहे. बंद पडलेले चार पीएस टू, एक जुना टीव्ही आणि मोकळी दुपार, एवढ्यावर ते मांडता येईल. ज्या कारागिरांनी आयुष्यभर चिपा मारल्या, त्यांना तिथे गुरुजी म्हणून बोलवा. लेन्स कशी साफ करायची, कुठली तार कुठे जाते हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

चेण्यातल्या त्या मुलाने आपला देवनागरीचा कोड खुल्या परवान्याखाली द्यायचं ठरवलं आहे. दिडकी त्यात अजून यायची आहे, पण अक्षरं तयार आहेत. यापुढे ज्या कुणा मराठी मुलाला, नागपुरात असो की न्यू जर्सीत, या यंत्राच्या पडद्यावर आपली भाषा उमटवायची असेल, त्याला वेलांटीपासून सुरुवात करावी लागणार नाही. कुलूप उघडायचं ते यासाठी.